गुडघे जरा सैल सोड

मंगळवार, ता. ६

ही वही खरं तर हिशेबाची. पुढून घरखर्च आणि मागून बाळाचं पाजणं. बाळ झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पहिले पंधरा दिवस कधी पाजलं ते लिहून ठेवा. आता पाच महिने झाले, मी अजून लिहितेच आहे. मला एकदा काम सांगितलं की 'आता पुरे' हेही कोणीतरी सांगावं लागतं. 'डा.' म्हणजे डावी बाजू, 'उ.' म्हणजे उजवी. शिवाय खांद्यावर एक सेफ्टी पिन असते, ज्या बाजूची पाळी त्या बाजूला. परवा भाजीवाली म्हणाली, "बाई, तुमची पिन काल त्या खांद्यावर होती." आता तिला काय सांगणार, की आजही दुपारी त्याच खांद्यावर येईल, थोडं थांब.

आज वहीच्या मधल्या कोऱ्या पानांवर लिहायला घेतलं, कारण घरात मोठी गोष्ट ठरली. यांना कारखान्यातून चार दिवसांची रजा मिळाली. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी आम्ही सगळे त्या मोठ्या पार्कात जाणार, जिथे पाळणे आहेत, छोटी आगगाडी आहे आणि वरून पाण्यात कोसळणारी होडी आहे.

हे सगळं त्या होडीसाठी. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या सहलीला गेलो होतो तेव्हा ताईला होडीत घेतलं नाही, उंची चार बोटं कमी पडली. तेव्हा ती ताई नव्हती, नुसती पिटुकली होती. घरी येईपर्यंत रडली. मग बाळ पोटात असताना एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "बाळ झालं की उन्हाळ्यात आपण दोघी जाऊ हं होडीत. आपण दोघीच." तिनं ते लक्षात ठेवलं. आठ वर्षांच्या मुलांना पाढे आठवत नाहीत, पण आईनं कबूल केलेलं तारखेसकट आठवतं.

हे होडीत बसू शकत नाहीत. कारखान्यात तीन मजले उंच क्रेनवर बसून दिवसभर लोखंड उचलतात, पण साध्या पाळण्यात बसले की पोटात ढवळतं. म्हणजे जायचं मलाच. आणि बाळ माझ्याशिवाय दोन तासांवर राहत नाही.

देवापुढे दिवा लावून सांगितलं, तूच बघ बाबा.

शुक्रवार, ता. ९

बाटलीचा प्रयोग आज सातव्यांदा फसला. माझंच दूध, माझ्याच हातानं काढलेलं, कोमट. बाळ बाटली तोंडात धरतं, मग माझ्याकडे असं बघतं की जणू मी त्याला बनावट नोट दिली. मग फुर्रर्र करून सगळं माझ्या चेहऱ्यावर. हे म्हणाले, "मी देऊन बघू?" त्यांच्यावर दुप्पट उडालं. क्रेनवाल्यांना निदान हेल्मेट तरी असतं म्हणे.

तेव्हा बेत असा: पार्कात साडेदहाला डा., साडेबाराला उ., अडीचला डा. अडीचचं झालं की बाळ यांच्याकडे देऊन आम्ही दोघी होडीच्या रांगेत. साडेचारच्या आत परत. मी हे कागदावर आखून यांना दाखवलं. ते म्हणाले, "आगगाडीचं वेळापत्रक तुझ्याकडे द्यायला हवं होतं." मला कौतुक वाटलं. नंतर वाटलं, कौतुक नसावं.

आज स्वयंपाकघर पुसताना दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघाच रेघा दिसल्या. खालून वर, शिडीसारख्या. नवा रंग अजून वर्षाचाही नाही! ओल्या फडक्यानं घासून सगळ्या काढल्या, खांदा दुखला. ताई शाळेतून आली आणि चौकटीपाशी थबकली.

"पुसल्यास?"

"मग काय आरती करू त्यांची? भिंती रंगवायला वही दिलीय ना तुला?"

दप्तर न काढताच आत गेली. चूक कळली असावी. हल्ली ती एका बाबतीत फार शहाणी झाली आहे, ओरडलं तरी रडत नाही. बाळ झाल्यापासून मुलगी एकदम मोठी झाली, सगळे म्हणतात. माझा केवढा भार कमी झाला.

रविवार, ता. ११

यांनी पार्काचं माहितीपत्रक आणलं. मी दराचं पान नीट वाचलं, दोनदा. बाकीची पानं रंगीत चित्रांची होती, त्यांत मला काय बघायचंय. बाळाला तिकीट नाही. आणि एकशेवीस सेंटीमीटरच्या खाली अर्धं तिकीट!

शिवणाची टेप काढून ताईला मोजलं. एकशेएकवीस. पुन्हा मोजलं, एकशेएकवीसच. एक सेंटीमीटर म्हणजे किती? माझ्या करंगळीच्या नखाएवढं. नखाएवढ्यासाठी अख्खं अर्धं तिकीट. शिवाय ताईचे केस दाट आहेत, तेवढी उंची केसांचीच असेल. देवानं जे केस दिले त्याचे पैसे पार्कवाल्यांना का द्यायचे?

ताईला म्हटलं, "गेटवर मोजतील तेव्हा गुडघे जरा सैल सोड. वाकायचं नाही, नुसते सैल."

"का?"

"अगं, तू अजून लहानच आहेस ना."

"तू तर म्हणतेस मी मोठी झाले. ताई झाले."

"घरात ताई. गेटवर लहान."

"आणि होडीत?"

तेवढ्यात बाळ उठलं. मी म्हटलं, "होडीचं होडीपाशी बघू." मुलांचे प्रश्न संपत नाहीत.

यांना हे सांगितलं नाही. त्यांना असल्या गोष्टींची लाज वाटते. मलाही वाटते, पण माझी लाज काटकसरी आहे.

मंगळवार, ता. १३

पाच तास बसमध्ये. बाळानं साडेतीन तास झोप काढली आणि उरलेल्या दीड तासात सगळ्या बसला जागं ठेवलं. मी अंगावर चादर घेऊन पाजत होते. शेजारच्या आजी चादरीत डोकं घालून म्हणाल्या, "दूध पुरतंय का गं?" मी म्हटलं, "पुरतंय, पण हवा पुरत नाही." मग त्यांनी चादरीला हातपंख्यानं वारा घातला. आतून बाळ हसायला लागलं. उपाशी राहिलं, पण हसलं.

लॉजमधली खोली बरी आहे. एक पलंग, एक मोडकं कपाट, त्याला आरसा. संध्याकाळी आरशापुढे ताईचा सराव घेतला. पहिल्यांदा ती इतकी वाकली की खुर्चीत बसल्यासारखी दिसली. म्हटलं, "एवढं नाही. नुसतं नखाएवढं." तिसऱ्या वेळी छान जमलं. माझ्यापेक्षा जास्त हुशार आहे. मॅट्रिकला मला गणितात जेमतेम पास केलं होतं, ही नखाएवढं बरोबर मोजून वाकते.

मग ती बाळाशेजारी झोपली आणि म्हणाली, "आई, अडीचचं पाजणं लवकर संपेल ना?"

"संपेल गं."

"बाळ मध्येच झोपलं तर उठवशील ना?"

"उठवीन."

गुरुवार, ता. १५, सकाळी

काल लिहिलं नाही. अंगात त्राण नव्हतं. तिघंही अजून झोपलेत म्हणून आता लिहिते. सगळं लिहिणार आहे, माझ्या अकलेसकट.

गेटवर एक बाई काठी घेऊन उभ्या होत्या. हे सामान तपासायच्या रांगेत होते. ताई काठीखाली उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे, आणि नखाएवढी खाली गेली. "एकशेएकोणीस," बाई म्हणाल्या आणि तिच्या मनगटाला हिरवा कागदी पट्टा बांधला. आम्हाला दोघांना भगवा. मी मनात म्हटलं, देवा, मी खोटं बोलले नाही, मी तोंडच उघडलं नाही. देवानंही उघडलं नाही. मला वाटलं, मान्य असेल.

साडेदहाचं पाजणं प्लॅस्टरच्या जिराफामागे झालं. आई-बाळाच्या खोलीत एकच खुर्ची आणि पाच आया होत्या. पाजायला घेतलं आणि बाळानं लाथ मारून चादर उडवली, नेमका समोरून अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस आला. त्यानं दोन्ही पंजे डोळ्यांवर धरले आणि तसाच मागे मागे जात कचऱ्याच्या डब्यात बसला. ताई इतकी हसली की जमिनीवर लोळली. तिला असं हसताना बघून किती दिवस झाले, मी मोजायला गेले, आणि मला आठवेना. पाजण्याचे दिवस मी लिहून ठेवते, हसण्याचे नाही.

साडेबाराचं उ., अडीचचं डा., सगळं कागदावरच्यासारखं. मी जिंकत होते. बाळ यांच्या खांद्यावर टाकलं. हे कारंज्याजवळच्या बाकावर बसले आणि आम्ही दोघी रांगेत. ताईनं माझं बोट धरलं होतं. शाळेतल्या मैत्रिणी, होडीत पुढे बसायचं की मागे, ओरडायचं की नाही, अशी अखंड बडबड. पन्नास मिनिटं रांगेत उभी होते आणि मला एकदाही कंटाळा आला नाही, हे लिहून ठेवते, कारण रांगेत मला दोन मिनिटांत कंटाळा येतो.

रांगेच्या तोंडाशी लाकडी खलाशी आहे. त्याचा हात आडवा, त्या हाताला डोकं लागलं पाहिजे. ताई त्याच्याखाली ताठ उभी राहिली. लागलं! वर बोटभर उरलं. तिनं माझ्याकडे वळून बघितलं. तो चेहरा मला लिहिता येत नाही, माझं शिक्षण कमी पडतं.

होडीवाला म्हणाला, "हिरवा पट्टा. चालणार नाही."

"अहो, पण उंची भरतेय, बघा ना."

"बाई, आम्ही पट्टा बघतो. हिरवा म्हणजे एकशेवीसच्या खाली. खाली असेल तर होडी नाही. माहितीपत्रकात लिहिलंय, मागच्या पानावर."

मागच्या पानावर. जिथे चित्रं होती.

'आईनं वाकायला सांगितलं होतं' असं एका वाक्यात ताई मला उघडी पाडू शकली असती, मागे चाळीस माणसं ऐकत होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आपल्या गुडघ्यांकडे बघत होती. मग माझं बोट धरून मला बाजूला घेत म्हणाली, "चालेल आई. नाहीतरी बाळाची वेळ झाली असेल."

तिथून बाकापर्यंतचं मला आठवत नाही.

यांना सगळं सांगितलं. बाळ खांद्यावर होतं म्हणून आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाले, "तू? दुकानदारानं चुकून जास्त सुट्टे दिले तर परत करायला उन्हातून जाणारी तू?"

"चला खिडकीवर," मी म्हटलं.

"आता चार वाजले. पाचला रांग बंद होते. साडेचारला बाळाचं..."

"चला म्हटलं ना."

तिकीटखिडकीतली मुलगी नखं बघत होती. मी म्हटलं, "आम्ही सकाळी अर्धं तिकीट काढलं, ते पूर्ण करायचंय. उरलेले पैसे घ्या."

तिनं मान वर केली. "घ्या?"

"हो. घ्या."

"मावशी, इथे लोक पैसे परत मागायला येतात. द्यायला आजवर कोणी आलं नाही. मशीनमध्ये तसं बटणच नाही." मग तिनं आतल्या साहेबांना फोन लावला आणि हळूच म्हणाली, "सर, एक बाई आल्यात. नाही, भांडत नाहीयेत. तेच तर."

साहेबांच्या खोलीत पंखा होता. तेवढ्यात सव्वाचारलाच बाळानं तोंड उघडलं. मी चादर ओढली आणि साहेबांच्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसून पाजायला लागले. सकाळी जिराफामागे लपणारी मी! साहेब कॅलेंडर वाचत होते, एकाच महिन्याचं, बराच वेळ. पिन कुठल्या खांद्यावर होती ते मी बघितलंच नाही. काल चारनंतर 'डा.' की 'उ.' हे या वहीत कधीच येणार नाही.

साहेब म्हणाले, "पुन्हा मोजावं लागेल." शिपाई काठी घेऊन आला. ताई भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"एकशेएकोणीस," शिपाई म्हणाला.

"मग बरोबर आहे की हिरवा," साहेब म्हणाले. "बाई, तुमची काहीतरी चूक होतेय."

मी चादरीआडून वाकून बघितलं. पोर गुडघे सैल सोडून उभी होती. नखाएवढे, अगदी शिकवल्यासारखे.

"ताई, गुडघे ताठ कर."

"करू?"

"कर."

"नक्की ना आई? मग पुन्हा लहान हो नाही म्हणणार?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. देवापुढे मी रोज डोळे मिटून बसते तेव्हा तो माझ्याकडे बघतो असं मी धरून चालते. काल पहिल्यांदा खात्री झाली.

"नाही म्हणणार. ऊठ. जेवढी आहेस तेवढी."

ती वर आली. एकशेएकवीस आणि वर थोडं. शिपायाला हसू फुटलं.

साहेबांनी फॉर्म काढला. "कारणाच्या रकान्यात काय लिहू?" हे पटकन म्हणाले, "मोजणीत चूक लिहा." मी म्हटलं, "मोजणी बरोबर होती. आई चुकीची होती, असं लिहा." साहेबांनी मिशीतल्या मिशीत विचार केला आणि लिहिलं. सही करताना वाचलं तर होतं: 'सकाळी दहा ते दुपारी साडेचार या वेळात मूल वाढले.'

भगवा पट्टा बांधून, बाळ यांच्याकडे देऊन आम्ही दोघी पळालो. पाचला पाच मिनिटं कमी असताना रांगेत शिरलो, आमच्यामागे दोरी लागली. अर्ध्या रांगेत कुठलं तरी बाळ रडलं. आमचं नव्हतं, आवाजच वेगळा. पण शरीराला एवढं कुठे कळतं, पान्हा फुटला तो फुटलाच. पुढचा सगळा कुर्ता ओला. मी दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून उभी राहिले. ताईनं बघितलं, आपली टोपी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काळजी नको करू आई. होडीतून उतरताना सगळेच ओले असतात."

हे माझ्या कागदावर नव्हतं.

होडी वर गेली. वर एक क्षण थांबते ती, मुद्दाम, मेली. तिथून सगळं पार्क दिसतं. कारंज्याजवळ हे दिसले, रुमालाएवढे, खांद्यावर ठिपका. मग खाली. मी देवाचं नाव इतक्या मोठ्यानं घेतलं की मागच्या होडीतल्या लोकांनीही हात जोडले, असं ताई म्हणते. ती थापा मारते.

भिजून निथळत बाकाकडे पळाले. बाळाचं काय झालं असेल, यांनी कसं सांभाळलं असेल! बाळ गाढ झोपलं होतं. आम्ही निघालो तेव्हापासून. पाच महिने मी सेकंद मोजतेय आणि बाळराजे घोरत होते. बाळ आणि हे, दोघंही, खरं तर.

होडीच्या दारापाशी फोटो मिळतो, होडी कोसळतानाचा. निघताना यांनी जाऊन मला न विचारता घेतला. मी नंतर किंमत विचारली आणि मग विचारली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं. फोटोही काही धड आला नाही. माझे डोळे मिटलेले, तोंड गुहेएवढं उघडं. आणि ताई! दोन वर्षं ज्या होडीसाठी जीव टाकला, त्या होडीत समोर बघायचं सोडून बाईसाहेब माझ्याकडे तोंड करून हसत बसल्यात. पैसे वाया.

पण टाकून देववत नाही. पोथीत ठेवलाय.

रविवार, ता. १८

घरी आलो. कपडे धुतले, हिशेब लिहिला. 'तिकिटं' या रकान्यात खाली एक ओळ वेगळी घातली: 'ताई, राहिलेली अर्धी'. बेरीज जमली. फोटोचे पैसे कुठे घालायचे ते कळेना, शेवटी 'देवकार्य' मध्ये घातले. पोथीत ठेवलाय म्हणजे बसतं त्यात.

पाजण्याची पानं काल बंद केली. बाळाचं वजन छान आहे, ते वही वाचत नाही.

दुपारी पेन्सिल घेऊन ताईला हाक मारली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी उभं केलं. ती माझ्याकडे संशयानं बघत होती, जणू मी पुन्हा घासायला लावणार आहे. डोक्यावर आडवी पोथी ठेवली. बाईसाहेब चवड्यांवर चढल्या.

"टाचा टेक."

"तिथे म्हणालीस गुडघे सोड, इथे म्हणतेस टाचा टेक. एकदा काय ते ठरव ना!"

"टाचा टेक, सरळ उभी राहा आणि गप्प बस."

रेघ मारली. जोरात मारली, फडक्यानं जाणार नाही अशी. शेजारी तारीख घातली. खाली वाकून बघितलं तर जुन्या रेघांचे ठसे रंगात अजून दिसतात, मी एवढं घासूनही. दर रेघेच्या शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. चष्मा लावून वाचलं. 'अजून तीन बोटं.' 'अजून दोन.' 'अजून एक.' सगळ्यात वरच्या रेघेला तारीखही होती, बाळ झालं त्या आठवड्यातली. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'झाले.'

मी तशीच ओणवी बसून राहिले. चष्म्यावर वाफ आली, दारापाशी चूल असल्यावर येणारच.

"आता तू," ताई म्हणाली.

"माझी काय उंची मोजतेस? मी काय वाढणारेय?"

"उभी राहा ना."

पाठ चौकटीला लावली. ती स्टुलावर चढली, पोथी माझ्या डोक्यावर ठेवली, आणि थांबली. पाळण्यात बाळ कुरकुरलं तशी माझी मान आपोआप तिकडे वळली, खांदे खाली गेले.

"आई," ती म्हणाली, "तू वाकतेस. सरळ उभी राहा. बाळ थांबेल."